रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला क्रिंप कोणता द्यावा: रोल की टेपर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी .३८ स्पेशलची काडतुसं घरी भरायला नुकती सुरुवात केली आहे. त्यांच्याकडे दोन रिव्हॉल्व्हर आहेत. एक सहा गोळ्यांचं भक्कम पोलादी रुगर जीपी१००, दुसरं खिशात मावेल असं पाच गोळ्यांचं स्मिथ अँड वेसन ६४२. गोळ्या १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), तांब्याचा मुलामा दिलेल्या, म्हणजे प्लेटेड. डायचा, म्हणजे काडतूस घडवणाऱ्या साच्यांचा, सेट तीनचा. त्यात क्रिंप, म्हणजे पितळी नळकांड्याचं तोंड गोळीवर आवळणं, रोल प्रकारचं. पहिल्या शंभरातली वीसेक काडतुसं चेंबरमध्ये, म्हणजे फिरत्या सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात, शेवटपर्यंत जातच नाहीत, तोंडाखाली फुगवटा दिसतो. शिवाय ६४२ मधून चार झाडून पाचवं काढून पाहिलं तर त्यातली गोळी पुढे सरकलेली. एक ओळखीचे म्हणाले, क्रिंप अजून आवळा. दुसरे म्हणाले, रोल सोडा आणि टेपर क्रिंपची डाय घ्या. त्यांनी विचारलंय की ऐकायचं कोणाचं?

आधी थेट उत्तर देतो. जीपी१०० मध्ये ह्या प्लेटेड गोळ्या वापरा आणि त्यांना टेपर क्रिंप द्या. ६४२ साठी ह्या गोळ्या बाजूला ठेवा. खाच असलेली गोळी घ्या आणि तिला रोल क्रिंप द्या. फुगवट्याचं कारण मात्र क्रिंपच्या प्रकारात नाही, ते तुमच्या डायच्या मांडणीत आहे. गोळी सरकण्याचं कारणही बहुधा क्रिंपच्या अलीकडेच कुठेतरी आहे. आता हे सगळं उलगडून सांगतो, कारण नुसती डाय बदलून हे प्रश्न सुटणार नाहीत.

मी मूळचा पिंपरीच्या एका टूलरूममधला डाय-मेकर. गेली २२ वर्षं ओहायोत आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरत आलो आहे. मापं मी 'थाऊ'मध्ये सांगेन. शॉपफ्लोअरवर काम केलेल्यांना हा शब्द ठाऊक आहेच. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आणखी एक शब्द पक्का करून घेऊ. मराठीत आपण सरसकट 'गोळी' म्हणतो, पण इथे गोळी म्हणजे फक्त पुढे उडणारा तुकडा. पितळेचं नळकांडं म्हणजे केस. केस, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी), पावडर आणि गोळी मिळून जे होतं ते काडतूस. हा फरक पाळला नाही की बोलण्यात घोटाळा होतो आणि ह्या कामात घोटाळा परवडत नाही.

गोळी पुढे का सरकते ते आधी बघू. तुमच्याकडे गोळी उपटायचा प्लॅस्टिकचा हातोडा असेल, तो ज्याला इनर्शिया पुलर म्हणतात. त्यात काडतूस रिमला, म्हणजे केसच्या बुडाच्या कडेला, धरून बसवायचं आणि हातोडा लाकडी ठोकळ्यावर आपटायचा. हातोडा थांबतो, केस थांबते, गोळीला मात्र थांबायचं नसतं, ती केसमधून निघून येते. रिव्हॉल्व्हर झाडताना हीच गोष्ट घडते, फक्त दिशा बदलते. पहिली गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर मागे झेपावतं. सिलिंडर बाकीच्या केसना रिमला धरून मागे ओढतो. आतल्या गोळ्या आहेत तिथेच राहू पाहतात. एस.टी.ने अचानक गचका देऊन गाडी पुढे काढली की दांडा न धरलेला माणूस जसा मागे राहतो, तसंच. म्हणून प्रत्येक धक्क्याला उरलेल्या गोळ्या थोड्या थोड्या केसबाहेर येऊ बघतात. पहिल्या काडतुसाला ह्याचा त्रास नसतो. शेवटच्याला चार किंवा पाच धक्के खावे लागतात. गोळीचं टोक सिलिंडरच्या तोंडाबाहेर आलं की ते फ्रेमला अडतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो.

हे मी स्वतः भोगलं आहे. रीलोडिंगच्या दुसऱ्या वर्षी एका मित्राच्या हलक्या वजनाच्या .४४ मॅग्नममध्ये माझी काडतुसं घातली. चौथ्या वेळी घोडा मागे ओढायला गेलो तर सिलिंडर जागचा हलेना. बाहेरही उघडेना. बाजूने पाहिलं तर सिलिंडर आणि फ्रेमच्या फटीत शिशाचं राखाडी टोक दिसत होतं. आत दोन जिवंत काडतुसं, नळी टार्गेटकडे, आणि हातातली वस्तू ना पुढे जाते ना मागे. रेंजवरच्या अधिकाऱ्याला हाक मारली आणि शेवटी गनस्मिथने ती मोकळी केली. रेंजवर वेळ गेला एवढ्यावर निभावलं. पण तुमच्या ६४२ सारखं रिव्हॉल्व्हर लोक बाळगतात ते जिवावर बेतलं तर हाताशी असावं म्हणून. तिथे पाचव्या गोळीला सिलिंडर अडकणं म्हणजे काय, ह्याचा विचार करा. म्हणूनच हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो.

वजनाचा हिशेब बघा. चार इंची नळीचं जीपी१०० साधारण ४० औंसांचं, म्हणजे ११३० ग्रॅमच्या आसपास. ६४२ पंधरा औंसांच्याही आतबाहेर, म्हणजे ४२० ग्रॅमच्या आसपास. तेच काडतूस दोन्हीत झाडलं तर हलकं रिव्हॉल्व्हर कितीतरी जोरात मागे येतं आणि आतल्या केसना हिसका तेवढाच जास्त बसतो. तुमच्या जीपी१०० मध्ये गोळी सरकली नाही आणि ६४२ मध्ये सरकली, ह्याचं कारण हेच. त्यामुळे 'ही काडतुसं माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये छान चालतात' ह्या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या रिव्हॉल्व्हरमध्ये, ते सांगायला हवं.

आता मुख्य मुद्दा. गोळीला धरून ठेवते ती केसची भिंत. क्रिंप ही बाहेरून लावलेली कडी आहे. दार चौकटीत नीट बसलेलं असेल तर कडी उपयोगाची. दारच ढिलं असेल तर कडी कितीही जाड लावा, वारा आला की दार वाजणारच. ह्या पकडीला इंग्रजी पुस्तकांत नेक टेन्शन म्हणतात आणि ती दोन ठिकाणी ठरते. पहिली जागा साइझिंग डाय, जी झाडलेल्या केसला पुन्हा आवळते. दुसरी जागा एक्सपांडर, म्हणजे केसचं तोंड किंचित उघडणारा गुज (खुंटी). हा गुज गोळीच्या व्यासाहून दोन-तीन थाऊ लहान हवा. तुमची गोळी ०.३५७ इंचाची असेल तर गुज ०.३५४ ते ०.३५५ च्या दरम्यान हवा. त्याहून जाड असेल तर साइझिंगने कमावलेली पकड तो घालवून बसतो. म्हणून पहिलं काम हे करा. कॅलिपर घ्या, जमल्यास मायक्रोमीटर घ्या, आणि एक्सपांडरचा व्यास मोजा. मग गोळीचा मोजा. डब्यावर छापलेला आकडा मानू नका.

पकड आली की नाही हे डोळ्यांनीही कळतं. प्रायमर आणि पावडर न घालता एक डमी काडतूस तयार करा, गोळी बसवा आणि क्रिंप देऊ नका. आता केस दिव्यासमोर धरून हळूहळू फिरवा. गोळीचा तळ जिथे संपतो तिथे केसच्या अंगावर एक अगदी हलकी कंबर दिसली पाहिजे. बोट फिरवलं तर नखाला जाणवते. ती असेल तर पितळ गोळीवर ताणून बसलं आहे. केस वरपासून खालपर्यंत सरळसोट दिसत असेल तर पकड कमी आहे. दुसरी परीक्षा म्हणून तीच डमी बाकाच्या कडेवर गोळी टेकवून अंगठ्याने जोर लावा. क्रिंप नसतानाही गोळी आत सरकता कामा नये. सरकली तर क्रिंपचा विचार तिथेच थांबवा आणि साइझिंग-एक्सपांडरकडे परत जा.

'अजून आवळा' हा सल्ला उलटा का पडतो, तेही ह्यातच आहे. पितळ लवचिक असतं. दाबलं की दबतं आणि सोडलं की थोडं परत येतं. शिसं तसं नाही. पेढ्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो, शिशाचंही तेच. क्रिंप अति आवळला की पितळ आणि शिसं दोन्ही आत जातात. डाय बाहेर निघाली की पितळ जरासं मागे येतं आणि शिसं आतच राहतं. दोघांमध्ये अगदी बारीक फट पडते. म्हणजे जास्त आवळून तुम्ही गोळी ढिली केली. मी पहिल्या वर्षी हेच करत होतो. गोळी सरकते म्हणून आवळायचो, आवळलं की अजून सरकायची, आणि दोष पावडरला द्यायचो.

आता दोन्ही क्रिंप म्हणजे काय ते सांगतो. करंजीची कड दोन प्रकारे बंद करतात. कोणी बोटाने दाबून चपटी करतं, कोणी मुरड घालून कड आत वळवतं. टेपर क्रिंप म्हणजे दाबलेली कड. डायच्या आत अगदी सावकाश निमुळता होत जाणारा उतार असतो, तो केसचं तोंड सरळच ठेवून गोळीवर दाबतो. रोल क्रिंप म्हणजे मुरड. डायच्या आतली गोलाई केसचा काठ आत वळवते आणि तो काठ गोळीच्या खाचेत शिरतो. ही खाच दोन प्रकारची. ओतीव शिशाच्या गोळीला साच्यातच रुंद, खोल खाच असते. तांब्याचं जाड कवच असलेल्या जॅकेटेड गोळीवर बारीक दातेरी पट्टा गुंडाळल्यासारखा दिसतो, त्याला कॅनेल्युअर म्हणतात. ह्या दोन्हींपैकी काही असेल तरच मुरड घालायला जागा आहे. नसेल तर काठ गोळीच्या अंगात घुसतो.

तुमच्या प्लेटेड गोळ्यांना खाच आहे का? बहुतेक प्लेटेड गोळ्यांना नसते. त्यांच्यावरचं तांबं जॅकेटसारखं जाड कवच नसतं, विजेच्या प्रक्रियेने चढवलेला पातळ थर असतो. तुमच्याकडच्या त्या अडकणाऱ्या काडतुसांपैकी एक पुलरने उकला आणि गोळी भिंगाखाली बघा. बहुधा तांब्याभोवती एक गोल रेघ कापलेली दिसेल आणि त्या रेघेत शिशाचा राखाडी रंग डोकावेल. ह्या रेघेवर थर फाटतो. नळीतून जाताना तो सुटू शकतो, मग नेम बिघडतो, कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं. क्वचित तांब्याचा तुकडा नळीत मागे राहतो आणि पुढच्या गोळीसाठी ती धोक्याची गोष्ट होते. म्हणून खाच नसलेल्या प्लेटेड गोळीला टेपर क्रिंपच. तोही एवढाच, की तोंड उघडताना आलेली कर्ण्यासारखी कड सपाट व्हावी आणि थोडासा दाब यावा. .३८ स्पेशलमध्ये केसच्या तोंडाशी बाहेरून ०.३७७ ते ०.३७८ इंच माप आलं की मी थांबतो. उकललेल्या गोळीवर फिकट पट्टा दिसला तर चालेल. नखाला लागणारी रेघ दिसली तर डाय वर घ्या.

पण असा हलका टेपर क्रिंप ६४२ च्या हिसक्याला पुरेलच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पकड उत्तम असेल आणि काडतूस सौम्य असेल तर पुरतो. तरी स्वतःच्या रक्षणासाठी ठेवायच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मी तो वापरत नाही. तिथे कॅनेल्युअर असलेली जॅकेटेड किंवा खाचेची शिशाची गोळी आणि मध्यम ते पक्का रोल क्रिंप. खरं तर त्या कामासाठी मी कारखान्यातून आलेलीच काडतुसं ठेवतो आणि सरावासाठी घरची भरतो. ह्याबाबत मतं वेगळी असू शकतात, माझं मत हे आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये रोल क्रिंप चालतो आणि ९ एमएम किंवा .४५ एसीपी पिस्तुलाच्या काडतुसात चालत नाही, ह्याचं कारण रिममध्ये आहे. .३८ स्पेशलच्या केसला मागे बाहेर आलेली रिम असते आणि काडतूस त्या रिमवर अडून चेंबरमध्ये जागच्या जागी बसतं. तोंड आत वळवलं तरी बसण्याच्या जागेत फरक पडत नाही. पिस्तुलाच्या बिनरिमच्या केसमध्ये केसचं तोंडच चेंबरमधल्या पायरीवर टेकतं. ते वळवून टाकलं तर टेकायला काही उरत नाही. म्हणून तिथे टेपर. ज्यांच्याकडे .४५ एसीपी चालणारं, मून क्लिप लागणारं रिव्हॉल्व्हर आहे, त्यांनीही टेपरच ठेवावा. क्लिप काडतूस धरते हे खरं, पण तीच काडतुसं उद्या पिस्तुलात गेली तर घोटाळा व्हायचा.

आता तुमचा फुगवटा. दोन कारणं एकत्र आलेली दिसतात. पहिलं म्हणजे तीन डायच्या सेटमध्ये शेवटची डाय दोन कामं एकाच झटक्यात करते. गोळी खाली बसवते आणि त्याच वेळी काठही वळवते. गोळी अजून खाली जात असताना काठ आत वळू लागला की काठ गोळीत रुततो आणि गोळी त्याला खाली ओढते. पितळाला जायला जागा नसते, मग ते तोंडाच्या जरा खाली बाहेर फुगतं. शिशाच्या गोळीवर कधी कधी शिशाची कातण निघून काठावर कड्यासारखी बसलेली दिसते, तीही ह्याचमुळे. दुसरं कारण म्हणजे केसची लांबी. .३८ स्पेशलच्या केसची कमाल लांबी १.१५५ इंच. रेंजवरून गोळा केलेल्या, चार कंपन्यांच्या मिसळलेल्या केसमध्ये पाच-दहा थाऊंचा फरक सहज असतो. रोल क्रिंप लांबीवर चालतो. डाय एकाच जागी असते, म्हणून लांब केसला जास्त मुरड पडते आणि आखूड केसला जवळजवळ पडतच नाही. शंभरातल्या वीसच का अडकल्या, ह्याचं उत्तर इथे आहे. अडकलेल्या वीस आणि न अडकलेल्या वीस केस उकलून मोजून बघा. मला वाटतं, फरक लगेच दिसेल. टेपर क्रिंप लांबीतला फरक बराच पोटात घालतो, रोल क्रिंप घालत नाही.

एक सांगायला हवं, प्रत्येक फुगवटा वाईट नसतो. गोळी बसलेल्या भागात केस चारी बाजूंनी सारखी, किंचित जाड दिसणं हे पकडीचं लक्षण, वर सांगितलंच. काठाच्या लगेच खाली, एका बाजूला जास्त आणि बोटाला टोचणारा फुगवटा मात्र दोष.

उपाय म्हणजे दोन कामं वेगळी करा. चौथी डाय घ्या. तिसऱ्या डायने फक्त गोळी बसवायची, चौथीने फक्त क्रिंप. चौथी डाय विकत घ्यायची नसेल तर तीच डाय दोनदा मांडा. आधी डायचं अंग वर घेऊन सगळ्या शंभर गोळ्या बसवा, मग सीटिंगचा, म्हणजे गोळी बसवायचा, दांडा वर काढून अंग खाली आणा आणि सगळ्यांना क्रिंप द्या. वेळ लागतो, पण फुगवटा जातो. क्रिंप मांडायची माझी पद्धत अशी. गोळी बसवलेली डमी रॅमवर, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या दांड्यावर, ठेवून रॅम पूर्ण वर न्या. डाय हाताने खाली फिरवत आणा, केसच्या काठाला टेकली की बोटांना कळतं. मग रॅम खाली घ्या, डाय आठवा हिस्सा फेरा खाली फिरवा आणि रॅम पुन्हा वर करा. ह्या डायच्या आट्या इंचाला १४ असतात, म्हणजे पूर्ण फेऱ्याला डाय १.८ मिलिमीटर उतरते आणि आठव्या हिश्शाला सुमारे पाव मिलिमीटर. म्हणून अर्धा फेरा एकदम कधीच फिरवू नका. प्रत्येक वेळी बाहेर काढून बघा. काठ खाचेच्या वरच्या कडेपर्यंत नुसता झुकला, हा हलका क्रिंप. काठाचं टोक खाचेत शिरलं, हा मध्यम, आणि .३८ स्पेशलच्या बहुतेक कामाला एवढा पुरतो. काठ खाचेत पूर्ण गडप झाला, हा जड क्रिंप. मांडणी जमली की लॉक रिंग आवळा, आणि गोळीचा प्रकार बदलेपर्यंत हात लावू नका.

गोळी किती खोल बसवायची हे खाचच ठरवते. काठ खाचेच्या मध्याच्या जरा वर यायला हवा. मॅन्युअलमधली एकूण लांबी आणि खाचेची जागा जुळत नसेल तर आपल्या मनाने खोल बसवू नका. खोल बसवली की आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. त्या गोळीसाठी तिच्या निर्मात्याने छापलेली माहिती शोधा. पावडरचं माप मी इथे देत नाही आणि कोणाच्या सांगण्यावरून तुम्हीही घेऊ नका. ते फक्त छापील मॅन्युअलमधून घ्यायचं.

टेपर की रोल, हलका की जड, हे सगळं झाल्यावर खरी परीक्षा रेंजवर. ६४२ मध्ये पाच काडतुसं घ्या. त्यातल्या एकाच्या तळावर मार्करने खूण करा आणि त्याची एकूण लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. ते शेवटच्या जागी ठेवा, चार झाडा, मग सिलिंडर उघडून खुणेचं काडतूस पुन्हा मोजा. नंतर तेच परत शेवटी ठेवून आणखी चार झाडा आणि परत मोजा. आठ धक्क्यांनंतरही लांबी एक-दोन थाऊच वाढली असेल तर समाधान माना. पाचहून जास्त वाढली तर पकडीकडे परत जा. आणि लांबी कमी झाली असेल तर तुमचं मोजमाप चुकलं आहे, पुन्हा मोजा. रेंजवर निघण्याआधी मात्र प्रत्येक काडतूस सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये स्वतःच्या वजनाने पडतं का, ते घरी नळी सुरक्षित दिशेला ठेवून पाहा. अंगठ्याने ढकलावं लागलं तर ते काडतूस बाजूला.

पुढे-मागे तुम्ही .३५७ मॅग्नमकडे वळाल, जीपी१०० त्यासाठीच आहे. तिथे एक जास्तीची गोष्ट येते. सावकाश जळणाऱ्या पावडरी, उदाहरणार्थ एच११० किंवा विंचेस्टर २९६ (दोन्ही एकच आहेत), सुरुवातीला गोळी घट्ट अडलेली असेल तरच नीट पेटतात. त्यांना जड रोल क्रिंप लागतो आणि त्यांचं माप छापील मापापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त कमी करू नये, असा इशारा निर्मात्यानेच दिलेला आहे. कमी पावडर आणि ढिला क्रिंप एकत्र आले की गोळी नळीतच अडकून राहू शकते. उलट टोकाला १४८ ग्रेनची वॅडकटर. ही चपट्या तोंडाची, केसमध्ये जवळजवळ पूर्ण बुडालेली, कागदावर स्वच्छ गोल भोक पाडणारी नेमबाजीची गोळी. पोकळ बुडाची असेल तर फार मऊ असते, तिला काठ नुसता आत झुकवलेला पुरतो. जरा जास्त आवळली की बूड वेडंवाकडं होतं आणि तिचा नेमाचा सगळा गुणच जातो. ही गोळी माझी आवडती आहे आणि सहा इंची नळीतून ५० यार्डांवर ती कशी चालते हे एकदा पाहिलंत तर तुमचीही होईल.

बाजारात ली (Lee) कंपनीची, कार्बाइडची कडी असलेली फॅक्टरी क्रिंप डाय मिळते. ती काडतुसाला शेवटी एकदा बाहेरून आवळून काढते, त्यामुळे सगळी काडतुसं चेंबरमध्ये जातात. फुगवटा लपवायला लोक ती घेतात, आणि हे मला पटत नाही. ०.३५८ ची मऊ शिशाची गोळी असेल तर ही कडी केसबरोबर आतली गोळीही बारीक करते. पितळ परत फुलतं, शिसं फुलत नाही, आणि पकड गेली. पुढे नळीत शिशाचे थर साठतात. तुमच्या ०.३५७ च्या गोळ्यांना ती त्रास देणार नाही, पण आधी मूळ दोष काढा. पैसे खर्च करायचेच असतील तर रेडिंग कंपनीची प्रोफाइल क्रिंप डाय बघा. ती आधी टेपर देते आणि अखेरीस रोल, दोन्हीतलं चांगलं घेते. मात्र गोळी आधी वेगळी बसवलेली असली पाहिजे.

निकेलचा पांढरा मुलामा असलेल्या केस जड क्रिंपला लवकर तडकतात, तोंडाशी उभी चीर पडते. प्रत्येक वेळी तोंडावरून नख फिरवा. चीर असलेली केस पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत डब्यात येणार नाही.

आपल्या लोकांसाठी कायद्याचं थोडं बोलायला हवं, कारण हे तिकडच्या सवयीने गृहीत धरून चालत नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. पण एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड झाल्यावर गोष्ट वेगळी. ते झालं नसेल तर प्रेस विकत घेण्याआधी वकिलाला विचारा. राज्याचे नियम त्यावर आणखी. आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा इथलं वाचून तिथे कोणी काही करू नये. तिथल्या नेमबाजीतही ह्याची गरज पडत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, त्यात .२२ रिमफायर चालतं, आणि त्याच्या रिमच्या आतच प्रायमरचं मिश्रण असल्यामुळे ते पुन्हा भरायची सोयच नसते. मुंबई-पुण्याला जाताना रेंजवर नेलेली बॅग मात्र कधीही घेऊ नका. अस्तरात विसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तर पोलीस ठाण्यापर्यंत जावं लागतं.

राहिली तुमची ती शंभरातली उरलेली काडतुसं. चेंबरमध्ये न जाणारी दाबून बसवू नका, आणि 'जीपी१०० मध्ये कशीबशी जातात' म्हणून झाडूही नका. डोळ्यांवर चष्मा लावा आणि पुलरने एकेक उकला. पावडर परत डब्यात ओतू नका. कोणती पावडर आहे ह्याची शंभर टक्के खात्री असली तरी नको. ज्या गोळ्यांच्या तांब्यावर रेघ कापली गेली आहे त्या वेगळ्या काढा, त्या परत वापरायच्या नाहीत. केस चालतील, पण त्यात जिवंत प्रायमर आहे. तेव्हा साइझिंग डायमधली प्रायमर काढायची सुई आधी बाहेर काढा आणि मगच केस सावकाश आवळा. एक्सपांडरचं माप, गोळीचं माप, केसची लांबी आणि क्रिंपनंतरचं तोंडाचं माप ह्या चार आकड्यांसाठी एक वही करा आणि पहिल्या पाच डमींपासून लिहायला लागा. माझी पहिली वही २००४ सालची आहे, तेलाचे डाग पडलेली. .३८ ची डाय मांडताना मी आजही ती उघडून शेजारी ठेवतो.